फळ्यावर नसलेलं घर

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. खांबाला टेकलात तरी चालेल, पण पाय माझ्याकडे करू नका. म्हातारीचा तेवढा मान ठेवा. आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती कोणत्याही पोथीत नाही. एका परदेशी बाईने आमच्या गावावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही ती नाही. का नाही, ते ऐकता ऐकता कळेल.

मी एक जुनी वीणा आहे. पांढुर्ण्याच्या एका जुन्या गल्लीत विठ्ठलाचं लहानसं देऊळ आहे. गाभाऱ्याच्या उजव्या भिंतीला एक खुंटी आहे. वर्षाचे एक्कावन्न आठवडे मी त्या खुंटीवर असते. उरलेल्या एका आठवड्यात मात्र मी कुठेच लटकत नाही, कुठेच टेकत नाही. तो आठवडा मी माणसांच्या गळ्यात असते.

माझा जन्म दोन ठिकाणी झाला. माझा दांडा शिवणीच्या लाकडाचा. तो सौसरच्या एका मिस्त्रीने तासला. माझं पोट म्हणजे एक कडू भोपळा. तो मोहगावच्या बाजूला, एका संत्र्याच्या बगीच्याच्या कुंपणावर वाढला. बगीचा चिंधूभाऊंचा. तेव्हा ते तिशीतले गडी होते. मिस्त्री सायकलवरून चालले होते, त्यांना कुंपणावर मी दिसले. ते उतरले. त्यांनी बोटाने टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "हा भोपळा मले द्या. पांढुर्ण्याच्या देवळासाठी वीणा बनवून राहिलो."

चिंधूभाऊ हसले. "कडू हाय तो. देवाले कायले कडू देता?"

"देवाले तो खाचा नाही, आयकाचा हाय."

चिंधूभाऊंच्या आईने तो बियाण्यासाठी ठेवला होता. तरी त्यांनी देठ कापला, मला धोतराच्या सोग्याने पुसलं आणि मिस्त्रींच्या हाती दिलं. "न्या. पण वाजाले लागली का मले सांगजा," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, मी वाजायला लागले, पण त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. कामाच्या घाईत राहून गेलं. मार्गशीर्षात सप्ताह बसला तेव्हा चिंधूभाऊ आपणहून सौसरच्या बसने आले. दाराशी, जिथे चपला काढतात त्याच्या अलीकडे, बसले. माझ्याकडे पाहत राहिले. भोपळ्यावर माझ्या लहानपणी बैलाच्या शिंगाने पडलेला एक ओरखडा होता. पॉलिशखाली तो बुजला होता, पण त्यांनी तो ओळखला.

आता सप्ताह म्हणजे काय ते सांगते. सात दिवस देवळात रात्रंदिवस देवाचं नाव चालतं. सकाळी काकडा, दुपारी भजन, संध्याकाळी कीर्तन. या सात दिवसांत वीणा जमिनीला लागायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा वाकून पाया पडतो, देणाराही पडतो, आणि मग पट्टा बदलतो. दोन तास एकाने उभं राहायचं, चालायचं, तार छेडत राहायची. याला पहारा म्हणतात. आमच्या देवळात पहारा माणसाचा नसतो, घराचा असतो. बाप गेला की मुलगा उभा राहतो, मुलगा नसला तर पुतण्या. दाराशी एक काळा फळा आहे. त्यावर घरांची नावं आणि वेळा लिहिलेल्या असतात. ज्या घराचा पहारा चुकला, त्या घराचं नाव ओल्या फडक्याने पुसलं जातं. माझ्या आयुष्यात दोन घरं पुसली गेली. त्यातले एक गृहस्थ अजून देवळावरून जात नाहीत, मागच्या गल्लीने बाजाराला जातात.

हा फळा यशवंतरावांच्या ताब्यात. पोस्टातून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशात नेहमी खडू. माणूस मनाचा वाईट नाही, पण नियमाचा पक्का. नोकरीत असताना एका मिनिटाने उशीर झाला तर स्वतःच्या मेव्हण्याचीही मनीऑर्डर त्यांनी घेतली नव्हती, असं लोक सांगतात.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी चिंधूभाऊंनी त्यांना हळूच विचारलं होतं, "भाऊ, एक पहारा मले भेटन का? अर्धा भेटला तरी चालते."

"चिंधूभाऊ, पहारा गल्लीतल्या घरांचा असतो. तुमचं घर इथं नाही. तुम्हाले दिला तर उद्या सारा जिल्हा येईन. नियम म्हणजे नियम."

"हाव," चिंधूभाऊ म्हणाले, आणि परत दाराशी जाऊन बसले. अडतीस वर्षं बसले. दर सप्ताहाला, पहिल्या बसने येऊन शेवटच्या बसने परत. येताना संत्र्यांची पिशवी आणायचे, तीही दाराशीच ठेवायचे. आयुष्यात एकदा तरी मला गळ्यात घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती मला ठाऊक होती, कारण मी त्यांच्याच कुंपणावरची.

माझे चांगले दिवसही खूप होते. वर्ध्याकडचे एक कीर्तनकार बुवा दरवर्षी येतात. त्यांनी एकदा मला गळ्यात घेऊन तार लावली आणि भर कीर्तनात म्हणाले, "काय पोट आहे हिचं! कडू भोपळ्याच्या पोटी एवढा गोडवा, आणि आपण गोड खाऊन कडू बोलतो." लोक खळखळून हसले. दाराशी चिंधूभाऊंनी मान खाली घातली आणि स्वतःशीच हसले. कीर्तनाचं सुख मित्रांनो, मी शब्दांत कसं सांगू? बुवा पूर्वरंगात एखादा अभंग उलगडायला लागले की माझ्या तारा कोणी न छेडता थरथरायच्या. मध्यंतराला बुवांच्या गळ्यात हार पडायचा, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागायचा, तेव्हा थोडा माझ्याही भोपळ्याला लागायचा.

वाईट दिवसही आले. देवळात स्पीकर बसला, त्याला एक पेन ड्राइव्ह लागला, आणि रोजची भजनं तोच म्हणू लागला. माझ्यावरचं फडकं महिनोन् महिने कोणी काढलं नाही. उंदराने पट्टा कुरतडला. एका उन्हाळ्यात माझ्या पोटाला तडा गेला. लाखेने तो बुजवला गेला, पण आवाजात थोडी खरखर राहिली. खोटं कशाला सांगू, म्हातारपणी ती मला शोभते.

आणि मग चार वर्षांपूर्वी इर्माबाई आल्या.

इर्मा लेखिका. दूरच्या हंगेरी देशातल्या. मोठमोठ्या जुन्या शहरांवर त्या पुस्तकं लिहायच्या. नागपूरहून भोपाळकडे जात होत्या. पांढुर्णा स्टेशनावर खिडकीतून संत्री घेतली, एक सोलून खाल्लं आणि पुढची शिट्टी व्हायच्या आत सामान घेऊन खाली उतरल्या. हे त्यांनीच देवळात सगळ्यांना सांगितलं. यशवंतरावांना ते पटेना.

"बाई, इथं पाहाले काय हाय? किल्ला नाही, तलाव नाही, महाल नाही. उतरल्या काहून?"

इर्माबाई तेव्हा तोडकंमोडकं बोलायच्या. म्हणाल्या, "महालात कोणी राहत नाही. इथे लोक राहून राहिले."

लोक एवढे हसले की टाळ बाजूला पडले. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या म्हणायच्या, जिथे काल कोण कुठे बसलं होतं हे सगळ्यांना आठवतं, ते शहर जुनं. त्या हिशेबाने आमची गल्ली फारच जुनी.

त्या प्रमिलाबाईंच्या घरी, माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिल्या. प्रमिलाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. त्यांचे यजमान घागरे गुरुजी हार्मोनियम वाजवायचे, ते गेले. मुलगा मुकुंद भोपाळला नोकरीला. घर मोठं आणि माणूस एक, म्हणून त्यांनी खोली दिली. पहिल्याच दिवशी बजावलं, "चप्पल बाहेर, दूध वर उतू जाऊ द्यायचं नाही, आणि वहीत माझ्याबद्दल काही लिहिलं तर आधी मला वाचून दाखवायचं."

मित्रांनो, माणूस परक्या गावात इतका सुखाने राहू शकतो हे मी इर्माबाईंकडून शिकले. सकाळी त्या चौकात तर्री-पोहे खायच्या. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, तरी दुसऱ्या दिवशी हजर. पोहेवाला अंकुश विचारायचा, "बाई, तिखट कमी करू?" तर म्हणायच्या, "नको, मग मला उठवेल कोण?" मग बाजारात जाऊन भाजीवाल्या वत्सलाबाईच्या पोत्यावर बसायच्या. अंबाडी कोणती, चिवळ कोणती हे शिकायच्या. वत्सलाबाई त्यांना गिऱ्हाईक समजतच नव्हती. "बाई, जरा दुकान पाहा, मी पोट्ट्याले शाळेतून आणतो," म्हणून खुशाल निघून जायची. दुपारी त्या ओट्यावर बसून लिहायच्या. ऑफिसात हिंदी, घरात मराठी आणि भांडणात दोन्ही, हे आमच्या गावाचं गणित त्यांनी महिन्याभरात ओळखलं. शनिवारी कधी जामसांवलीला जाऊन हनुमंताला नारळ वाहून यायच्या. आणि रोज संध्याकाळी देवळात, तिसऱ्या खांबाशी. कीर्तन असलं की वही उघडी आणि तोंडही उघडं. कळायचं अर्धं, पण हसायच्या पूर्ण.

त्यांची एक सवय मात्र सुटत नव्हती. जे दिसेल ते लगेच लिहायचं. कोणी शिंकलं तरी वहीत. प्रमिलाबाई म्हणायच्या, "अगं, आधी पाहून तर घे! लिहिते आणि विसरते." इर्माबाई म्हणायच्या, "लिहिलं नाही तर पळून जातं." "पळू दे. फिरून येतं."

त्यांना तिसरं वर्ष लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. सप्ताहाचा चौथा दिवस, शनिवार. फळ्यावर लिहिलं होतं: 'दुपारी दोन ते चार, घागरे गुरुजींचं घर.' भोपाळहून सकाळच्या गाडीने मुकुंद येणार होता. प्रमिलाबाई स्वतः उभ्या राहिल्या असत्या, पण आठ दिवसांपूर्वी अंगणात पाय घसरून त्यांचा उजवा हात मोडला होता आणि प्लास्टरमध्ये होता. त्यातून, आमच्या देवळात तोवर बाईमाणसाच्या गळ्यात मी कधी गेले नव्हते. नाही म्हणणारा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी विचारलंही नव्हतं.

बारा ते दोनचा पहारा यशवंतरावांचा. देऊळ जवळजवळ रिकामं. अर्धी गल्ली जामसांवलीला, अर्धी संत्र्याच्या तोड्याला. तिसऱ्या खांबाशी इर्माबाई आणि त्यांची वही. दाराशी चिंधूभाऊ. आणि प्रमिलाबाई, डाव्या हाताने कानाला फोन लावून अंगणात येरझाऱ्या घालत.

पावणेदोनला त्या आत आल्या. चेहरा उतरलेला. "यशवंतराव, मुकुंदची गाडी धुक्यामुळे उभी आहे. आमला स्टेशनाच्याही पलीकडे. चार वाजले तरी पोचत नाही."

यशवंतराव चालत होते, तार छेडत होते. पहाऱ्यात थांबायचं नसतं. "मंग?"

"मंग काय! तुम्ही सांगा."

"मी काय सांगू, मास्तरीणबाई? फळा सांगते." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक नव्हता. गुरुजी त्यांचे मित्र. शिवाय त्यांना स्वतःला साखरेचा त्रास. दोन तास होत आले तसे त्यांचे पाय कापायला लागले होते. ते कापणं माझ्या दांड्यापर्यंत येत होतं. आणखी दोन तास ते उभे राहिले असते तर आम्ही दोघंही खाली आलो असतो.

दाराशी चिंधूभाऊ उठून उभे राहिले. "भाऊ... मी हाओ ना. द्या इकडं."

यशवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाहताना त्यांना त्रास झाला, हे मला कळलं. पण ते म्हणाले, "चिंधूभाऊ, मास्तरीणबाईच्या घराच्या जागी तुम्ही कसे उभे राहान? तुमच्या नावानं यांचं घर वाचन का? नियम म्हणजे..."

"हाव," चिंधूभाऊ म्हणाले आणि बसले.

दोन वाजायला पाच मिनिटं होती. तेव्हा इर्माबाईंनी वही मिटली. पेन वहीत ठेवलं. उठून हात धुतले, पाय धुतले, पदर नव्हता म्हणून ओढणी कमरेला बांधली, आणि यशवंतरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"यशवंतरावभाऊ, फळ्यावर काय लिहिलं आहे?"

"घागरे गुरुजींचं घर."

"मुकुंद लिहिलं आहे?"

"नाही. आपण घर लिहितो."

"मी कोणत्या घरात राहते?"

यशवंतराव चालायचे थांबणारच होते, पण सावरले. "बाई, तुम्ही भाडेकरू..."

"गॅस संपला की मी सांगते. पाहुणे आले की चहा मी करते. या हाताला प्लास्टर झालं तेव्हापासून वेणी मी घालते." त्यांनी प्रमिलाबाईंकडे बोट केलं. "वाकडी घालते, पण घालते. मग मी कुठली?"

प्रमिलाबाईंनी आपल्या वाकड्या वेणीला हात लावला.

देवळातल्या घड्याळात दोन वाजले. यशवंतरावांनी एकदा विठ्ठलाकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे. मग ते वाकले. इर्माबाईही वाकल्या. आणि मित्रांनो, मी सातासमुद्रापलीकडच्या एका खांद्यावर गेले.

पहिला अर्धा तास त्या नुसत्या घाबरलेल्या होत्या. अंगठ्याने छेडू की बोटाने, हेच कळेना. दाराशी बसल्या जागेवरून चिंधूभाऊ सांगत होते, "बोटानं, बाई. हळू. रामकृष्णहरी म्हणा, बाकी काई नाई आलं तरी चालते. थांबू नका, चालत राहा." अडतीस वर्षं पाहून पाहून त्यांना सगळं येत होतं.

हळूहळू बाईंचा श्वास आणि माझी तार एका चालीत आली. दारातून गल्ली दिसत होती. एका म्हाताऱ्याने सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्याशी काहीतरी बोलला. एक बकरी फळ्यापाशी आली, तिने खडूचा वास घेतला आणि शिंकली. इर्माबाईंचा हात सवयीने वहीकडे जायला निघाला आणि परत तारेवर आला. हात मोकळे नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा त्या नुसत्या पाहत होत्या.

तीनच्या सुमारास तो प्रसंग झाला. उंदराने कुरतडलेला माझा पट्टा मध्येच गाठ मारून जोडलेला होता. ती गाठ सरकली. बाईंच्या खांद्यावरून पट्टा घसरला आणि मी दांड्यासकट खाली जाऊ लागले. यशवंतराव खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या तोंडून नुसता "अरे, अरे" एवढा आवाज निघाला. प्रमिलाबाईंचा एक हात प्लास्टरमध्ये. आणि दाराशी बसलेला तो सत्तरीला टेकलेला माणूस कसा उठला, कसा पोचला, देव जाणे. चिंधूभाऊ गुडघ्यांवर होते आणि त्यांचे दोन्ही तळहात माझ्या भोपळ्याखाली पसरलेले होते.

पण मित्रांनो, त्यांनी मला हात लावला नाही. भोपळा आणि हात यांच्यात चार बोटांचं अंतर. पडले असते तर त्यांच्या हातात पडले असते, जमिनीवर नाही. पण पडले नव्हते तोवर त्यांचा मला धरायचा हक्क नव्हता, म्हणून ते नुसते हात पसरून बसले. "पट्टा वर घ्या, बाई. कोपरानं. हं, असं. आता गाठ दाबून धरा." त्यांच्या तळहातांची ऊब मला कळत होती. कुंपणावर असताना सकाळच्या उन्हाची जशी कळायची, तशी.

बाईंनी पट्टा सावरला. चिंधूभाऊंनी हात काढून घेतले, धोतराला पुसले आणि ते दाराशी जाऊन बसले. जाताना माझ्या अंगावरच्या त्या जुन्या ओरखड्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. इर्माबाईंनी ते पाहिलं. लिहिता आलं नाही म्हणूनच नीट पाहिलं. पहारा संपल्यावर दाराशी जाऊन त्या ओरखड्याची गोष्ट त्यांनी चिंधूभाऊंकडून ऐकून घेतली.

चार वाजता पोहेवाला अंकुश आला. चारचा पहारा त्याच्या घराचा. इर्माबाईंच्या गळ्यात मला पाहून तो दारातच उभा राहिला. "अवं माय! बाई, तुम्ही?" आणि मग वाकून मला घेताना पुटपुटला, "आता तुम्हाले तिखट कमी करू म्हटलं तर पाहा!" साडेपाचला मुकुंद धावत आला, तेव्हा त्याच्या घराचं नाव फळ्यावर शाबूत होतं.

शेवटच्या, काल्याच्या दिवशी देवळात माणसं मावत नव्हती. बुवांनी सुदाम्याची कथा लावली होती. "द्वारपालांनी विचारलं, तुझं देवाशी नातं काय? सुदामा काय म्हणाला? मी दाराशी बसतो, तुम्ही फक्त आत सांगा." एवढं म्हणून बुवांनी पोह्यांची पुरचुंडी सोडून दाखवली आणि लहान मुलांना हसवून हसवून लोळवलं. दहीहंडी फुटली, काला वाटला. मग यशवंतराव माइकपाशी आले आणि त्यांनी इर्माबाईंना मानाचा नारळ द्यायला बोलावलं. "बाईंनी घर वाचवलं," ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

इर्माबाईंनी नारळ घेतला आणि तो हातातच ठेवून विचारलं, "मला तिसरंच वर्ष, तरी मी घरची झाले. चिंधूभाऊ अडतीस वर्षं येतात. ही वीणा त्यांच्या कुंपणावर वाढली. ते कोणत्या घरचे?"

चिंधूभाऊ दाराशी चपला जुळवायला लागले. त्यांना तिथून उठून जायचं होतं.

"बाई, ते गावचे नाहीत," यशवंतराव हळू म्हणाले. "गल्लीत त्यांचं घर नाही. फळ्यावर गल्लीतलीच घरं..."

तेव्हा मागून प्रमिलाबाईंचा वर्गातला आवाज आला. "यशवंतराव, वीणा बाईमाणूस की गडीमाणूस?"

"आता हे काय विचारणं! बाईमाणूस."

"इथं आणली ती सासरी आणली ना? मग तिला माहेर नाही का? तुमच्या घरी सूनबाई आली, तिचा बाप दरवर्षी संत्री घेऊन येतो, आणि तुम्ही त्याला अडतीस वर्षं चपलांपाशी बसवता! हा कोणता नियम?"

आधी बायका हसल्या, मग सगळं देऊळ. बुवांनी चिपळ्या वाजवल्या. "यशवंतराव, कीर्तन माझं, पण आजचा उत्तररंग मास्तरीणबाईंनी सांगितला!"

यशवंतराव हसले नाहीत. खिशातला खडू बोटांत फिरवत उभे राहिले, आणि मग सतरंज्या गोळा करायला लागले.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात फळा लिहिला गेला. सगळी घरं नेहमीच्या जागी. आणि अगदी खाली, जिथे आधी फळ्याची रिकामी पट्टी असायची, तिथे यशवंतरावांच्या पोस्टातल्या वळणदार अक्षरात एक ओळ: 'पाचवा दिवस, दुपारी दोन ते चार, वीणेच्या माहेरचे.'

चिंधूभाऊ पहिल्या बसने आले. पांढरंशुभ्र धोतर, नवी टोपी. यशवंतरावांनी स्वतः माझा पट्टा नवा शिवून आणला होता. तो चिंधूभाऊंच्या गळ्यात घालताना ते म्हणाले, "उशीर झाला, भाऊ."

"नाही जी. बस टाइमावर होती."

मी त्यांच्या गळ्यात गेले. तार छेडायच्या आधी त्यांनी बोटाने माझ्या पोटावर टकटक केली, कान लावला. "वाजून राहिली," ते म्हणाले. "कोणी सांगतलं नव्हतं. आता समजलं." मग दोन तास ते चालले. रामकृष्णहरीशिवाय दुसरं काही म्हणाले नाहीत. तिसऱ्या खांबाशी इर्माबाई बसल्या होत्या. वही मांडीवर होती, पण बंद.

त्यांचं पुस्तक आता छापून आलं आहे. कागदपत्रांसाठी त्या मधून मधून आपल्या देशात जातात आणि संत्र्यांचा मोसम आला की परत येतात. या वेळी येताना एक प्रत देवळाला दिली. इथे कोणालाच ती वाचता येत नाही, म्हणून प्रमिलाबाईंनी तिला हळद-कुंकू लावून माझ्या खालच्या फळीवर ठेवली. इर्माबाई अधूनमधून मराठीत सांगून दाखवतात. पोहे आहेत, बाजार आहे, बकरी नाही. अंकुशची तक्रार आहे की त्याच्यावर एकच पान आहे. ते दोन तास मात्र त्यात नाहीत. प्रमिलाबाईंनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हात मोकळे नव्हते, ताई. आणि ते पळून गेलं नाही."

या वर्षी आषाढात चिंधूभाऊ गेले. झोपेत, शांतपणे. सप्ताह आला. यशवंतराव खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहिले आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. अंकुश म्हणाला, "काका, आता ही ओळ?" शेजारी ओलं फडकं होतंच.

यशवंतराव त्याच्यावर ओरडले. "घराचा पहारा असते! माणूस गेला म्हणून घर पुसतात काय?" आणि त्यांनी ती ओळ पुन्हा गिरवली, जाड.

पाचव्या दिवशी सौसरच्या बसने चिंधूभाऊंची नात तृप्ती आली. हातात संत्र्यांची पिशवी. ती दाराशी ठेवायला वाकली, तेव्हा इर्माबाईंनी पिशवी उचलून आत नेली. घागरे गुरुजींच्या घराचा पहारा या वर्षी बारा ते दोन होता, आणि उभ्या होत्या प्रमिलाबाई. हात आता बरा आहे. त्यांनी तृप्तीच्या गळ्यात पट्टा घातला. त्या मुलीने काय केलं असेल? बोटाने माझ्या पोटावर टकटक केली आणि कान लावला. तिला हे कोणी शिकवलं असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

तर मित्रांनो, देवळातल्या, शाळेतल्या, घरातल्या जुन्या वस्तू जपा. त्यांच्यावरचं फडकं कधीतरी काढा, पट्टा तपासा, उंदरांकडे लक्ष ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. कोणतंही वाद्य कानी पडलं, तर त्याचं लाकूड कोणत्या रानातलं आणि भोपळा कोणाच्या कुंपणावरचा, असं एकदा मनात विचारा. दाराशी कोणी बसलेलं दिसलं तर त्याला आत जागा करून द्या. आणि रामकृष्णहरी म्हणताना एवढी माझी विनंती ऐका. देवाच्या नावामागोमाग एकदा मोहगावच्या चिंधूभाऊंची आठवण काढा. मला धरायची त्यांना किती ओढ होती, आणि ऐन वेळी चार बोटांवर हात कसे थांबवले, ते विसरू नका.